अपघातानंतर प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे. निपाणीजवळ हायवेवर रात्रीच्या वेळी मोटरसायकल थांबलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. भावाचं वय ३४, वजन साधारण ६० किलो. उजव्या नडगीचं कंपाउंड फ्रॅक्चर आहे, म्हणजे हाड मोडलंय आणि त्यावरची कातडीही फाटून जखम उघडी आहे, डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या आहेत आणि प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असलेला, रक्त गाळणारा अवयव) फाटली म्हणून काढून टाकावी लागली. आज सहावा दिवस. पायाला बाहेरून सळ्यांची चौकट लावली आहे. ताप नाही, पण डॉक्टर ‘इन्फेक्शनची भीती आहे’ एवढंच सांगून पुढे जातात. घरच्यांनी विचारलंय: प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा रस द्यावा, काढा द्यावा, की एखादं भारी इंजेक्शन आणावं? आणि पथ्य काय पाळायचं?

आधी सरळ उत्तर देतो. एवढ्या मोठ्या मारानंतर प्रतिकारशक्ती वाढवणारी बाटली, पावडर किंवा इंजेक्शन नाही. वाढवण्यासारखं एकच ठिकाण आहे, ते म्हणजे प्लीहा काढल्यानंतर घ्यायच्या लसी. बाकी सगळं काम आहे ते शरीराची लढण्याची ताकद खच्ची करणाऱ्या गोष्टी काढून टाकण्याचं. त्या गोष्टींत सगळ्यात मोठी गोष्ट बहुतेक घरांत पथ्याच्या नावाखाली चाललेली असते. जखमी माणसाला पेज आणि मुगाच्या पाण्यावर ठेवलेलं असतं.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे ‘वाढवणं’ हा शब्द इथे का बसत नाही ते कळेल. हाड मोडतं, स्नायू चेंगरतात, तेव्हा फुटलेल्या पेशींतला माल रक्तात सांडतो. त्यात पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांचे, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या बारीक भागांचे, तुकडे असतात. मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणूंच्या वंशातले, त्यामुळे शरीराला वाटतं की जंतूच घुसले. पांढऱ्या पेशी सगळीकडून धावून येतात, सूज चढते, ताप येतो, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुप्फुसंही सुजतात. म्हणजे पहिल्या दिवसांत प्रतिकारशक्तीची एक बाजू कमी नसते, उलट भडकलेली असते. त्याच वेळी दुसरी बाजू मंदावते. जंतू ओळखून इतरांना दाखवणाऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी थकतात. २०११ साली गंभीर जखमींच्या पांढऱ्या पेशी तपासल्या तेव्हा त्यांच्या ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचं काम बदललेलं दिसलं, आणि भडकणं व मंदावणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होत्या. साध्या तापानंतरच्या अशक्तपणापेक्षा ही अवस्था पूर्ण वेगळी आहे. पेटलेल्या गंजीत आणखी कडबा टाकून उपयोग नाही, आणि जो भाग थकलाय त्याच्यापर्यंत काढा पोहोचत नाही. इंटरफेरॉन गॅमासारखं खरोखर पेशींना चेतवणारं औषधही जखमींवर चाचण्यांत देऊन पाहिलेलं आहे. त्यानं संसर्ग कमी झाले नाहीत.

म्हणून पहिलं काम जखमेत जंतूंना राहायला जागाच न ठेवण्याचं. मेलेला स्नायू, माती, गोठलेलं रक्त यांत रक्तपुरवठा नसतो. तिथे पांढरी पेशी जात नाही आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही जात नाही. सर्जन मेलेला भाग कापून काढतात आणि जखम सलाईननं धुतात. मोठ्या कंपाउंड फ्रॅक्चरला ९ लिटरपर्यंत सलाईन लागतं. साबणाचं पाणी त्याहून चांगलं का, हे २०१५ साली एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. साधं सलाईनच पुरेसं ठरलं. तुमच्या भावाला ‘परत एकदा आत नेऊन साफ करायचंय’ असं सांगितलं तर पहिलं ऑपरेशन फसलं असं समजू नका. मेलेला स्नायू पहिल्या दिवशी पूर्ण ओळखू येत नाही, दोन दिवसांनी त्याचा रंग बदलतो. दुसऱ्यांदा सफाई करणारा सर्जन नीट काम करतोय.

आपल्या भागातल्या सगळ्यांसाठीच एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. कंपाउंड फ्रॅक्चरला अँटिबायोटिकचा पहिला डोस शक्यतो मार लागल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून जायला हवा. निपाणीहून कोल्हापूर जवळपास ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुपटीला थोडं कमी. कुठे न्यायचं, कुठल्या राज्याचं आरोग्य योजनेचं कार्ड कुठे चालेल, या चर्चेत तास निघून जातो. पहिल्या दवाखान्यातच डोस द्यायला सांगा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला सांगा आणि दोन्हींची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. मग गाडी निघू दे. चिठ्ठी कन्नडमध्ये असेल आणि पुढे मिरज-कोल्हापूरला जायचं असेल तर औषधांची नावं आणि वेळा इंग्रजीत लिहून मागा. भाषेमुळे तोच डोस दोनदा जातो, किंवा दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं दिला असेल.

धनुर्वाताबद्दल गैरसमज असा की गंजलेलं लोखंड लागलं तरच तो होतो. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. कोयता कितीही चकचकीत असो, जखमेत शेणखताची माती गेली की धोका आला. आधी तीन डोसांचा कोर्स झालेला असेल आणि शेवटचा डोस ५ वर्षांपेक्षा जुना असेल तर अशा घाणेरड्या जखमेला ०.५ मिली लस पुन्हा लागते. कोर्स झालाच नसेल किंवा काही आठवत नसेल तर लसीसोबत दुसऱ्या जागी तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही लागतं, साधारण २५० युनिट. नुसत्या लसीला काम सुरू करायला दिवस लागतात. जखमेवर हळद, चुना, राख, तंबाखूची पूड, ग्रीस यांतलं काहीही भरू नका. वाहतं रक्त स्वच्छ कापडानं दाबून धरा, बस.

आता जेवण. यावर जास्त लिहितो, कारण घरच्यांच्या हातात खरं एवढंच आहे.

जखम झाली की आपल्याकडे ताटातलं काय काढायचं ते आधी ठरतं. अंडं उष्ण, मटण नको, डाळीनं आणि भातानं पू धरतो, दही चालत नाही, वांगं बाधतं. राहतं काय, तर पातळ पेज, साबुदाणा, बिस्कीट आणि चहा. पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे नाही. शरीराला मात्र या दिवसांत नव्या पेशी, अँटिबॉडी आणि जखम भरणारं कोलॅजन बनवायचं असतं, आणि या सगळ्यांचा कच्चा माल प्रथिनं. ती ताटातून आली नाहीत तर शरीर मांड्यांचे आणि छातीचे स्नायू मोडून घेतं. म्हणून महिनाभरात पाय काठीसारखे होतात, खोकायलाही जोर राहत नाही आणि जखम आहे तिथेच राहते.

निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ते १ ग्रॅम प्रथिनं पुरतात. मोठ्या मारानंतर १.५ ते २ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला कमीत कमी ९० ग्रॅम. ऊर्जाही हवी, किलोमागे २५ ते ३० कॅलरी, म्हणजे दिवसाला १५०० ते १८००. ऊर्जा कमी पडली तर खाल्लेली प्रथिनं सरपणासारखी जळून जातात, जखमेपर्यंत जात नाहीत.

हे ९० ग्रॅम घरच्या जेवणातून येतात. सकाळी पाव लिटर दूध, ८ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, १२. दुपारी दोन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्या, साधारण ११-१२. घट्ट डाळ, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या तुरीची, आणखी ११-१२. वरचं पाणी वाढून खालची डाळ घरच्यांनी खाऊ नये, प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत असतात. मोड आलेल्या मटकीची उसळ, कोरडी मटकी ४० ग्रॅम धरा, ९. वाटीभर दही, ५. चारच्या चहाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅमचे ७-८. रात्री १०० ग्रॅम शिजवलेलं चिकन किंवा मासा, २० ते २५. झोपताना पेलाभर दूध, ६-७. झाले ९० च्या पुढे. जैन आणि लिंगायत घरांत अंडं-मांस नसतं, त्यानं काही बिघडत नाही. त्या जागी ३० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे गोळे भिजवून रस्सा केला तर १५ ग्रॅम मिळतात, आणि १०० ग्रॅम पनीरचे १८. अडचण एकच, एवढं एका बैठकीला जात नाही. तोंडाला चव नसते आणि पोट लगेच भरतं. दिवसाचे सहा भाग करा आणि प्रत्येक भागात प्रथिनाचं काहीतरी ठेवा. नुसतं नारळपाणी आणि फळांचा रस पाजून पोट भरू नका. डब्यातली प्रोटीन पावडर वाईट नाही, पण ताट रिकामं ठेवून पावडर म्हणजे पैसे वाया. ताटातून ९० होत नसतील तेव्हा उरलेले २०-२५ ग्रॅम तिच्यातून घ्या, आणि घेण्याआधी डब्यावर एका मापात किती प्रथिनं आहेत ते वाचा. काहींत निम्म्याहून जास्त साखर असते.

एक अपवाद लक्षात ठेवा. ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीखाली पाय बराच वेळ चेंगरला असेल तर स्नायूंतल्या रंगद्रव्याचा भार किडनीवर पडतो, लघवी चहासारखी होते. किडनीच्या अशा रुग्णाचं प्रथिनांचं माप डॉक्टरच ठरवतील.

दवाखान्यातली उपासमार ही वेगळीच गोष्ट. सफाईचं ऑपरेशन ठरतं, रात्री बारापासून उपाशी ठेवतात, नंबर दुपारी चारला लागतो किंवा उद्यावर जातो. आठवड्यात असं तीनदा झालं की तीन दिवसांचं जेवण गेलं. भूलतज्ज्ञांना स्वतः विचारा, ‘नेमकं किती वाजल्यापासून काही द्यायचं नाही?’ नेहमीचा नियम असा: हलकं जेवण ६ तास आधीपर्यंत, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. जखमीचं पोट सावकाश रिकामं होतं म्हणून ते जास्त वेळ सांगू शकतात, ते ऐकायचं. पण ऑपरेशन रद्द झालं की त्याच क्षणी डबा उघडायला विसरू नका.

जीवनसत्त्वांचं पटकन सांगतो. क जीवनसत्त्व कोलॅजनला लागतं. रोज एक पेरू किंवा दोन आवळे, नाहीतर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी. झिंक डॉक्टरांनी लिहिलं असेल तर दोन-चार आठवडे; महिनोन् महिने चालू ठेवलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. ‘जास्त दिलं तर जास्त फायदा’ हे इथे लागू नाही. जंतुसंसर्गानं गंभीर झालेल्या रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले, तर २०२२ च्या चाचणीत त्यांची अवस्था जास्त बिघडलेली दिसली. ग्लुटामिन या प्रथिनांतल्या घटकाचंही तसंच. अतिगंभीर रुग्णांत त्यानं २०१३ साली मृत्यू वाढलेले आढळले.

गुळवेल आत्ता नको. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. तुमच्या भावाचं यकृत आधीच भूल, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक यांचा भार वाहतंय. त्यात कावीळ झाली तर कशानं झाली हे शोधण्यात आठवडा जाईल. गावाकडच्या पुड्यांचंही तेच. ज्या पुडीनं दोन दिवसांत झटक्यात भूक लागते आणि सूज उतरते, तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. स्टेरॉइड नेमकी ती प्रतिकारशक्तीच दाबतं. डोक्याच्या मारात तर २००४ साली १०,००० रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. आणि ‘भारी अँटिबायोटिक’ मागू नका. जखम बंद झाल्यावर एक दिवस, फार तर तीन दिवस, एवढंच ते संरक्षणासाठी लागतं. पुढे विनाकारण चालू ठेवलं की साधे जंतू मरतात, हट्टी उरतात, आणि खरा संसर्ग झाला की द्यायला औषध उरत नाही.

साखर तपासा, भावाला मधुमेह नसला तरी. मारानंतरच्या ताणानं साखर चढते, आणि चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी आळशी होतात. आयसीयूत ती १४० ते १८० मध्ये ठेवतात. फार खाली ओढण्यानंही धोका वाढतो, म्हणून स्वतःहून इन्सुलिन वाढवू नका. बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात बेळगावचा कुंदा आणि गोकाकचं करदंट असतंच, प्रेमानं आणलेलं असतं. साखर वाढलेली असेल तर ते घरच्यांत वाटून टाका, आणि पुढच्या पाहुण्याला अंडी नाहीतर शेंगदाणे आणायला सांगा.

तंबाखूबद्दल निपाणीकडच्या माणसाला सांगणं अवघड, कारण घर त्यावरच चालतं. तरी सांगतो. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. नडगीवर मुळात मांस थोडं, रक्तपुरवठा तुटपुंजा. ओढणाऱ्यांचं नडगीचं हाड उशिरा जुळतं आणि हाडात पू होण्याचं प्रमाण जास्त असतं. विडी, मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री, सगळं हाड जुळेपर्यंत बंद. दारूची रोजची सवय असेल तर लपवू नका. बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळतो, थरथरतो, आणि डॉक्टर ते जंतूंमुळे समजून दुसरीकडेच शोधत बसतात.

बरगड्यांचा संसर्गाशी काय संबंध, असं वाटेल. दुखतं म्हणून माणूस वर वर श्वास घेतो, खोकत नाही, कफ तळाशी साचतो आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून न्यूमोनिया होतो. म्हणून वेदनेची गोळी वेळेवर द्या. ‘किडनीला वाईट’ म्हणून परस्पर बंद करू नका. भीती वाटत असेल तर दुसरी लिहून मागा. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र जागेपणी दर तासाला दहा वेळा. ओढायचं, सावकाश, दोन-तीन सेकंद धरायचं, फुंकायचं नाही. खोकताना डाव्या बाजूला उशी घट्ट धरायची. डोकं ३० अंश वर, दिवसातून दोनदा दात घासणं, आणि परवानगी मिळाली की खुर्चीत बसणं. लघवीची नळी रोज विचारून काढायला लावा, जास्त दिवसांची नळी म्हणजे जंतूंना वाट.

घरी आल्यावर सोप्यात खाट टाकाल आणि पलीकडे गोठा असेल तर खाट आतल्या खोलीत न्या. सळ्यांभोवती सलाईनमध्ये भिजवलेल्या निर्जंतुक गॉजनं, प्रत्येक सळीला नवा गॉज घेऊन पुसायचं. हळदीचा लेप नको, तेल नको. थोडं पाणीदार पाझरणं चालतं. घट्ट पिवळा पू, लाली, किंवा सळी हलताना दुखणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. वेदना तिसऱ्या दिवसानंतर रोज कमी व्हायला हवी. ती वाढत असेल, जखमेच्या मानानं फारच जास्त असेल, कातडी काळी-जांभळी पडत असेल किंवा दाबल्यावर चुरचुरत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा बीपी १०० किंवा कमी, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागणं, यांतली दोन लक्षणं एकत्र आली की संसर्ग रक्तात गेल्याची शक्यता धरून थेट मोठ्या दवाखान्यात.

आता लसींकडे येतो. प्लीहा रक्तातले कवच असलेले जंतू गाळून काढते, मुख्यतः न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस. ती गेली की हे जंतू काही तासांत रक्तात वाढू शकतात, आणि तसं झालं तर निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात. धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त, पण जन्मभर राहतो. लसी ऑपरेशननंतर १४ दिवसांनी सगळ्यात चांगल्या लागू पडतात. परत यायची खात्री नसेल तर घरी जाण्याआधीच घ्याव्यात. न्यूमोकोकसची कॉन्जुगेट प्रकारची लस, ती या जंतूच्या १३ प्रकारांविरुद्धची असेल तर ८ आठवड्यांनी २३ प्रकारांविरुद्धची दुसरी. मेनिंगोकोकसचे दोन डोस, ८ आठवड्यांच्या अंतरानं. हिमोफिलसचा एक. फ्लूची दरवर्षी. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या माणसांसाठी या सहसा मिळत नाहीत, मोठ्या दवाखान्यात मागवाव्या लागतात. डिस्चार्जच्या कागदावर ‘प्लीहा काढली’ आणि लसींच्या तारखा लिहून घेतल्याशिवाय निघू नका. घाईच्या वॉर्डात हे राहून जातं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला पोटावरचा व्रण कशाचा ते कळत नाही.

लसींनीही सगळे जंतू अडत नाहीत. इथून पुढे भावाला १००.४ च्या वर ताप किंवा हुडहुडी आली, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही. अँटिबायोटिकच्या गोळ्या आधीच लिहून आणून घरात ठेवा. पहिला डोस लगेच द्या आणि मध्यरात्र असली तरी दवाखान्यात न्या. कुत्रा चावला तर जखम साबणानं १५ मिनिटं धुवा, रेबीजच्या लसीबरोबर अँटिबायोटिकही मागा. कामाला गोव्याकडे जाणार असेल तर मलेरियाचं औषध विचारा. आणि पाकिटात एक कार्ड ठेवा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषांत: ‘माझी प्लीहा काढली आहे. ताप असल्यास ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक द्या.’ खाली रक्तगट, लसींच्या तारखा आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर तिचं नाव.